लैंगिक अल्पसंख्य विद्यार्थी आणि विद्यापीठांची जबाबदारी

विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली मराठी रंगभूमीवर आले. १९४० च्या दशकातील महाविद्यालयीन जीवनाची पार्श्वभूमी असलेल्या या नाटकाची नायिका सुमित्रा ही दुसऱ्या एका तरुणीच्या प्रेमात पडते. तिचे म्हणणे ऐकून घेणारा एकच मित्र तिला लाभतो. तोही तिच्याच वयाचा आणि तिच्याइतकाच अननुभवी. अखेरीस ती आत्महत्या करते. या नाटकात महाविद्यालय आहे, तेथील नाट्यप्रयोग आहे, मित्रमंडळी आहेत. या मुलीला जाऊन मनमोकळे बोलता येईल अशी संस्थेतील एकही जबाबदार व्यक्ती मात्र त्यात नाही, कारण त्या काळच्या महाविद्यालयांत तशी व्यक्ती असणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

त्यानंतर कायदा बदलला, न्यायालयांचे निर्णय बदलले आणि वैद्यकशास्त्राचे मतही बदलले. तथापि एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकावयास आलेल्या अशा विद्यार्थ्याने अडचणीच्या वेळी नेमके कोणाकडे जावे, आणि त्या व्यक्तीने काय करावे, हा प्रश्न पुष्कळ महाविद्यालयांत अजूनही अनुत्तरित राहतो. वास्तविक त्याची बरीचशी उत्तरे निरनिराळ्या अधिनियमांत, विनियमांत व न्यायनिर्णयांत लेखी स्वरूपात उपलब्ध आहेत. ती एकत्र नसल्यामुळे प्राचार्यांना, वसतिगृहाच्या रेक्टरांना, कार्यालयीन कर्मचाऱ्यांना आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यांनाही त्यांची पुरेशी माहिती नसते. ती माहिती एकत्रितपणे देण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

कोणाविषयी हा विचार?

स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण असणाऱ्यांना समलिंगी, तर स्त्री व पुरुष या दोहोंविषयी आकर्षण असणाऱ्यांना उभयलिंगी असे म्हणतात. या आकर्षणाच्या दिशेला लैंगिक कल ही संज्ञा आहे. पारलिंगी व्यक्तींची गोष्ट वेगळी. जन्माच्या वेळी नोंदविलेले लिंग आणि स्वतःला अंतर्यामी जाणवणारी ओळख यांत त्यांच्या बाबतीत मेळ नसतो. शासकीय व्यवहारात त्यांच्यासाठी ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ आहे. पारलिंगी असणे हा ओळखीचा विषय आहे, तर समलिंगी असणे हा आकर्षणाचा. या दोहोंची गल्लत झाल्यास प्रशासनाचे निर्णयही चुकीच्या वाटेने जातात.

२०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली; त्यांपैकी सुमारे ४१ हजार महाराष्ट्रातील होत्या. समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींची मोजदाद मात्र जनगणनेत होतच नाही. त्यामुळे ‘आमच्या महाविद्यालयात असे विद्यार्थी नाहीत’ या विधानाला कोणताच आधार नसतो. आपली ओळख सांगणे सुरक्षित वाटत नाही म्हणून विद्यार्थी गप्प असतात, एवढाच त्या शांततेचा अर्थ घेणे योग्य ठरेल.

कायद्याची वाटचाल

ब्रिटिश राजवटीत, १८६० मध्ये संमत झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ अन्वये समलिंगी संबंध हा गुन्हा ठरत असे. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीने खाजगीत होणाऱ्या संबंधांपुरते हे कलम लागू होणार नाही, असा निर्णय दिला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मान्य केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर प्रकरणात संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ सारखे कलम नाही.

२०१८ च्या या प्रकरणाचा विद्यापीठांशी थेट संबंध होता. भारतीय तंत्रज्ञान संस्थांचे आजी-माजी विद्यार्थी अशा वीस जणांनी त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. देशातील अत्यंत कठीण प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेल्या या तरुणांना, आपल्या शिक्षणाच्या वर्षांत आपण कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार आहोत या जाणिवेने वावरावे लागले होते.

पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांची वाट वेगळी होती. १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या लिंग-ओळखीस घटनात्मक मान्यता दिली, आणि त्यांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून शिक्षणात व नोकऱ्यांत आरक्षण द्यावे, असे निर्देश केंद्र व राज्य शासनांना दिले. त्यानंतर पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ संसदेने संमत केला. तो १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला व त्याखालील नियम सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात तृतीयपंथीयांच्या कल्याणासाठी २०२० मध्ये मंडळ अस्तित्वात आले आणि मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तृतीयपंथी धोरणास मान्यता दिली.

दोन परस्परविरुद्ध भासणाऱ्या गरजा

या दोन वाटा लक्षात घेतल्या म्हणजे महाविद्यालयांच्या अडचणीचे मूळ समजते. पारलिंगी विद्यार्थ्याला आपली ओळख कागदोपत्री नोंदली जाणे आवश्यक असते. नाव, लिंग व छायाचित्र जुनेच राहिले तर प्रत्येक परीक्षेच्या दालनात, प्रत्येक ग्रंथालय खिडकीवर आणि पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याला आपली कथा अनोळखी माणसांसमोर पुन्हा पुन्हा सांगावी लागते. याउलट समलिंगी किंवा उभयलिंगी विद्यार्थ्याला बहुधा कोणतीच नोंद नको असते. त्याने समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट उपस्थितीपत्रकाच्या शेऱ्यात, शिक्षकांच्या खोलीत किंवा पालकांच्या दूरध्वनीवर पोहोचली, तर त्याचे शिक्षण थांबण्याचा आणि घराचा आसरा तुटण्याचा संभव असतो.

एकाला नोंद हवी, दुसऱ्याला नोंद नको. वरवर पाहता या दोन मागण्यांत विरोध दिसतो. परंतु दोहोंच्या मुळाशी तत्त्व एकच आहे. विद्यार्थ्याच्या ओळखीविषयीची माहिती ही त्या विद्यार्थ्याची आहे. ती कोणाला, केव्हा आणि किती सांगावयाची हे त्यानेच ठरवावयाचे. हे तत्त्व एकदा स्वीकारले, की नोंदी, वसतिगृह, तक्रारी व समुपदेशन या चारही बाबतींत काय करावे याचा उलगडा बऱ्याच अंशी आपोआप होतो.

नाव व नोंदी

२०१९ च्या अधिनियमाने पारलिंगी व्यक्तींना ओळख प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोपविले. २०२० च्या नियमांनुसार परिपूर्ण अर्ज व प्रतिज्ञापत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत हे प्रमाणपत्र देण्याची मुदत ठरविण्यात आली. अर्ज घरबसल्या करता यावा म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू केले. अधिनियम व नियम यांत वेळोवेळी दुरुस्त्या होत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेल्या तरतुदी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात पाहून घेणे श्रेयस्कर होय.

महाविद्यालयीन कार्यालयाच्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद त्यापुढची आहे. ज्या कागदपत्रांत या प्रमाणपत्राच्या आधारे बदल करावयाचा, त्यांची यादी २०२० च्या नियमांना जोडण्यात आली; तीत शाळा, परीक्षा मंडळ, महाविद्यालय व विद्यापीठ यांनी दिलेल्या शैक्षणिक प्रमाणपत्रांचाही समावेश करण्यात आला. अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत संबंधित प्राधिकाऱ्याने बदल करावा, असेही नियमांत नमूद करण्यात आले. तेव्हा ‘आमच्याकडे असा नमुना नाही’ असे सांगून विद्यार्थ्याला महाविद्यालयातून विद्यापीठाकडे, विद्यापीठातून परीक्षा मंडळाकडे आणि तेथून परत महाविद्यालयाकडे पाठविणे हे या नियमांच्या हेतूशी विसंगत ठरते. प्रत्येक विद्यापीठाने परीक्षा विभागात या कामासाठी एक अधिकारी नेमून त्याच्या पदनामाची माहिती संलग्न महाविद्यालयांना परिपत्रकाद्वारे कळविल्यास ही पायपीट टळू शकेल.

औपचारिक बदल होईपर्यंतच्या काळातही काही गोष्टी करता येतात. हजेरी घेताना विद्यार्थी सांगेल त्या नावाने त्यास हाक मारणे, सूचनाफलकावरील याद्यांत लिंगदर्शक रकाना न छापणे, ग्रंथालयाच्या ओळखपत्रावर केवळ नाव व क्रमांक ठेवणे, यांसाठी कोणत्याही नव्या अधिनियमाची आवश्यकता नाही. हैदराबाद येथील नालसार विधी विद्यापीठाने २०१५ मध्ये एका पदवीधराच्या विनंतीवरून त्याच्या प्रमाणपत्रावर नावामागे ‘श्री’ किंवा ‘कुमारी’ यांऐवजी लिंगनिरपेक्ष उपपद छापून दिले. एका अक्षराचा हा बदल त्या विद्यापीठाच्या कामकाजात कोणताही अडथळा निर्माण करणारा ठरला नाही.

आर्थिक साहाय्याचीही तरतूद आहे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘स्माईल’ योजनेत, इयत्ता नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतच्या पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी वार्षिक १३,५०० रुपयांच्या शिष्यवृत्तीचा अंतर्भाव करण्यात आला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०१७ मध्ये पारलिंगी विद्यार्थ्यांना शुल्कमाफी जाहीर केली. केरळ शासनाने २०१८ मध्ये विद्यापीठांतील व संलग्न कला व विज्ञान महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांना पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी दोन जादा जागा मंजूर केल्या. घरातून बाहेर पडावे लागलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शुल्काचा प्रश्न हा शिक्षणाचाच प्रश्न असतो, हे या निर्णयांमागील सूत्र आहे.

वसतिगृहाची खोली

खेड्यापाड्यांतून शहरात शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गापेक्षा वसतिगृहात अधिक वेळ काढावा लागतो. मुलांचे आणि मुलींचे अशा दोनच वसतिगृहांच्या रचनेत पारलिंगी विद्यार्थ्याला कोठे ठेवावे, हा प्रश्न रेक्टरांपुढे उभा राहतो. पुष्कळदा तो न सुटल्यामुळे प्रवेश मिळालेला विद्यार्थी खोलीअभावी परत जातो.

मुंबईत देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेने विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर २०१८ च्या सुमारास एका वसतिगृहाचा काही भाग लिंगनिरपेक्ष निवास म्हणून राखून ठेवला. तेथे राहणे सर्वस्वी ऐच्छिक होते. नालसार विद्यापीठानेही २०२२ मध्ये आपल्या एका वसतिगृहाचा तळमजला अशाच प्रकारे राखून ठेवला. या दोन्ही ठिकाणी त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली नाही. असलेल्या इमारतीतील खोल्यांचे वाटप निराळ्या रीतीने करण्यात आले, ही बाब लहान महाविद्यालयांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. जेथे संपूर्ण मजला राखणे शक्य नसेल, तेथे स्वतंत्र स्नानगृह असलेली एखादी खोली आणि आतून कडी लागणारे एक स्वच्छतागृह एवढी व्यवस्थाही विद्यार्थ्याचे वर्ष वाचवू शकते.

येथेही एक पथ्य पाळावे लागते. राखीव खोलीला विशिष्ट नावाची पाटी लावली, तर तेथे राहणाऱ्याची ओळख सर्व आवारात जाहीर होते. खोली द्यावी, परंतु तिचे कारण नोंदवहीत लिहू नये. विद्यार्थ्याची गरज रेक्टर व प्राचार्य यांच्यापुरतीच राहावी.

छळ आणि तक्रार

चालण्याची ढब, आवाज, पोशाख किंवा मित्र यांवरून एखाद्या विद्यार्थ्याची टिंगल करणे हा आवारातील किरकोळ थट्टेचा प्रकार मानण्याची सवय जुनी आहे. नियमांच्या दृष्टीने मात्र ते रॅगिंग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंग प्रतिबंधक विनियमांत २०१६ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. पारलिंगी असणे, लैंगिक कल किंवा बाह्य रूप यांच्या कारणावरून केलेला शारीरिक अथवा मानसिक छळ, धाकदपटशा आणि वाळीत टाकणे हेही या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत आले. नवागत विद्यार्थी असो अथवा जुना, दोघांनाही हे संरक्षण मिळते. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक जे रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरतात, त्याचा हा भाग आहे. मात्र प्रतिज्ञापत्र भरून घेताना तो क्वचितच समजावून सांगितला जातो.

महाराष्ट्रात याशिवाय राज्याचा स्वतःचा अधिनियम आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम, १९९९ अन्वये लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची असून, तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची असते. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. ज्या विद्यार्थ्याला स्थानिक तक्रारीची भीती वाटते, त्याला १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय रॅगिंगविरोधी दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य तक्रार नोंदविता येते.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असते. ही समिती केवळ विद्यार्थिनींसाठी आहे असा समज सर्वत्र आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत विद्यार्थिनींबरोबरच काही विद्यार्थी व तृतीयलिंगी विद्यार्थी यांनाही अशा छळाचा धोका असल्याची दखल घेण्यात आली आहे. पारलिंगी विद्यार्थ्यांच्या बाबतीत २०२० च्या नियमांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. छळ किंवा भेदभाव झाल्यास दाद मागता येईल अशी समिती शैक्षणिक संस्थेत असावी, आणि छळ करणारी व्यक्ती शिक्षक असली तरी तिच्या सान्निध्यात त्या विद्यार्थ्याला राहावे लागू नये अशी व्यवस्था करण्याचे अधिकार त्या समितीला असावेत, असे त्यांत नमूद करण्यात आले. तक्रार केल्यावर त्याच शिक्षकाच्या हातून तोंडी परीक्षेचे गुण मिळणार असतील, तर कोणताही विद्यार्थी तक्रारीस धजणार नाही, हे ओळखून केलेली ही तरतूद आहे.

समुपदेशकाचे दार

समलिंगी आकर्षण हा आजार आहे, अशी समजूत काही सुशिक्षित घरांतही आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेस आजारांच्या यादीतून वगळले. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तो मानसिक आजार नसल्याची भूमिका जाहीरपणे मांडली. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, लैंगिक कल किंवा लिंग-ओळख वैद्यकीय मार्गाने बदलण्याच्या प्रयत्नांस प्रतिबंध करण्याचे निर्देश दिले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य वैद्यकीय परिषदांना कळविले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नेही लैंगिक कल वा लिंग यांच्या कारणावरून मानसिक आरोग्यसेवेत भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. तेव्हा विद्यार्थ्याला ‘बरे’ करण्याचे आश्वासन देणारा समुपदेशक महाविद्यालयाने नेमू नये, आणि पालकांना तसा पत्ता सुचवू नये.

समुपदेशनाचे काम मग कोणते? घरच्यांचा धाक, विवाहाचा आग्रह, एकटेपणा आणि भविष्याची चिंता यांखाली दबलेल्या विद्यार्थ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे, आत्मघाताचे विचार मनात येत असल्यास त्यास वेळीच योग्य वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि त्याचे शिक्षण चालू राहील असे पाहणे. या कामाला सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निर्णयाने बळ मिळाले आहे. आंध्र प्रदेशातील एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक आरोग्यविषयक प्रशिक्षण द्यावे, तसेच दुर्बल व वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी संवेदनशीलतेने वागण्याची तयारी त्यांच्याकडून करून घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. या घटकांमध्ये लैंगिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

जेथे समुपदेशक अद्याप नाही, तेथील विद्यार्थ्यांना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा आधार घेता येतो. १४४१६ या क्रमांकावर ही सेवा विनामूल्य आहे. हा क्रमांक वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर लावण्यास खर्च जवळजवळ नाही.

गुप्ततेचा प्रश्न येथे सर्वाधिक नाजूक असतो. विद्यार्थी आपल्या मनातील गोष्ट सांगून गेला, की त्याच्या हितासाठी म्हणून पालकांना कळवावे असे शिक्षकांना वाटते. त्यामागील हेतू चांगला असला तरी परिणाम भयंकर होऊ शकतो. मुलाला शिक्षणातून काढणे, मारहाण, बळजबरीचा विवाह असे प्रसंग त्यातूनच ओढवतात. विद्यार्थ्याच्या जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा योग्य त्या व्यक्तीस कळविणे भाग पडते. परंतु तेव्हाही धोक्याची माहिती द्यावी, त्याच्या लैंगिक कलाची नव्हे.

सोबत आणि ग्रंथालय

नियम व समित्या यांच्या जोडीला समवयस्कांची सोबत लागते. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने १९६७ मध्ये अशा विद्यार्थ्यांच्या संघटनेस मान्यता दिली, तर मिशिगन विद्यापीठाने १९७१ मध्ये त्यांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र कार्यालयच उघडले. भारतात कायद्याची टांगती तलवार असल्याने अशा गटांना उघडपणे काम करणे दीर्घकाळ अवघड होते. तरीही पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०११ मध्ये, म्हणजे गुन्हेगारीकरण पूर्णपणे संपण्याच्या सात वर्षे आधी, विद्यार्थ्यांनी ‘साथी’ हा गट स्थापन केला. नवागतांना माहिती देणे, चर्चा व चित्रपट यांच्याद्वारे इतरांचे गैरसमज दूर करणे आणि गरजूस सोबत देणे, अशा गटांचे काम साधारणपणे या स्वरूपाचे असते. अन्य तंत्रज्ञान संस्थांतही पुढे असे गट निर्माण झाले. आवाराबाहेरील संस्थांचेही साहाय्य होऊ शकते. मुंबईत अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये स्थापन झालेला ‘हमसफर ट्रस्ट’ हे त्याचे जुने उदाहरण.

ज्याला कोणत्याही गटात जाण्याचे धैर्य होत नाही, त्याच्यासाठी ग्रंथालय हे सर्वांत सुरक्षित ठिकाण असते. मराठीत या विषयावरील वाचनसाहित्य नाही, ही समजूत खरी नाही. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी, सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन मराठीतच आहे. ही पुस्तके बंद कपाटात न ठेवता खुल्या फडताळावर असावीत, म्हणजे ती मागण्यासाठी कोणाला आपले नाव उच्चारावे लागणार नाही.

सामान्य महाविद्यालयास काय करता येईल?

वरील बहुतेक उदाहरणे मोठ्या व साधनसंपन्न संस्थांची आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एक इमारत, एक वसतिगृह आणि मोजके शिक्षक असलेल्या महाविद्यालयाकडून तेवढी अपेक्षा करणे वास्तव ठरणार नाही. परंतु ज्या गोष्टींचा येथे उल्लेख झाला, त्यांपैकी पुष्कळशा गोष्टींस निधीपेक्षा निर्णयाची गरज अधिक आहे. प्राचार्यांनी एका विश्वासू शिक्षकाची या कामासाठी नियुक्ती करून त्यांचे नाव व भेटीची वेळ माहितीपुस्तिकेत छापावी. रॅगिंगच्या व्याख्येतील २०१६ ची भर प्रवेशाच्या दिवशी मराठीत वाचून दाखवावी. कार्यालयातील लिपिकास नावबदलाची कार्यपद्धती लेखी द्यावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कायदा व मानसिक आरोग्य यांच्या व्याख्यानांबरोबर या विषयावरही एक व्याख्यान ठेवावे. समुपदेशकाच्या नोंदवहीला कुलूप असावे आणि त्याची किल्ली एकाच व्यक्तीकडे असावी.

यांतील एकही गोष्ट इतर विद्यार्थ्यांचे काही हिरावून घेणारी नाही. सात दिवसांत होणारी चौकशी, कडी लागणारे स्वच्छतागृह, गुप्तता पाळणारा समुपदेशक आणि पंधरा दिवसांत दुरुस्त होणारे प्रमाणपत्र यांचा लाभ जातीमुळे, रूपामुळे, गरिबीमुळे किंवा अपंगत्वामुळे एकाकी पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला होतो. अशा विद्यार्थ्यांसाठी केलेली व्यवस्था म्हणजे एका अर्थी महाविद्यालयाच्या साऱ्याच कारभाराची कसोटी होय.

न्यायालयांनी व संसदेने आपापले काम पुष्कळ अंशी केले आहे. विद्यार्थ्याची गाठ मात्र न्यायमूर्तींशी पडत नाही. ती पडते प्रवेशाच्या खिडकीमागील लिपिकाशी, रेक्टरांशी आणि वर्गशिक्षकांशी. पहिल्या भेटीत त्याला मिळालेल्या वागणुकीवरच तो दुसऱ्यांदा येईल की नाही हे ठरते. येत्या शैक्षणिक वर्षाची माहितीपुस्तिका छापण्यापूर्वी प्रत्येक महाविद्यालयाने तीत अशा विद्यार्थ्यांसाठी एका पानाची जागा ठेवली, तर ती एक आवश्यक सुरुवात ठरेल.